शरीराची पैसेवारी

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात, जिथे पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते त्या झरी जामणी तालुक्यात, उपजीविकेचा प्रश्न आणि आरोग्याचा प्रश्न हे दोन निराळे प्रश्न आहेत असे मानणे ही केवळ कचेऱ्यांची सोय आहे. माणसांच्या आयुष्यात ते तसे निराळे नसतात. कोलाम, गोंड, परधान या समाजांची मोठी वस्ती असलेल्या आणि कोरडवाहू कापूस-तुरीवर गुजराण करणाऱ्या या मुलखात ज्या घरी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रुग्ण आहे, त्या घराला आज मजुरीला कोण जाणार आणि आज कोणाची हाडे ठणकत आहेत या दोन्ही चौकश्या एकाच वेळी, पहाटेच कराव्या लागतात. सरकारी दप्तरात मात्र पहिली बाब आदिवासी विकास विभागाची, दुसरी सार्वजनिक आरोग्य विभागाची, आणि दोहोंना जोडू शकणारे कर्ज बँकेच्या अखत्यारीतले. दीर्घ व्याधी घेऊन जगणाऱ्या इसमाने स्वतःचा धंदा कसा उभारावा, त्यासाठी कायद्याने, बँकांनी, वैद्यकाने आणि समाजाने आजवर कोणती तजवीज केली, आणि त्या तजविजीत नेमके काय राहून गेले, याचा आढावा या एका आजाराच्या अनुषंगाने येथे घ्यावयाचा आहे. कारण विदर्भाच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, आणि स्वयंरोजगाराविषयीच्या आपल्या साऱ्या कल्पना त्याच्यापुढे कसोटीला लागतात.

निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलग्रस्ताची दहा ते वीस दिवसांत नष्ट होते. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच हा फरक. तो इंग्रम या संशोधकाने केंब्रिज येथे १९५६-५७ साली दाखवून दिला. प्राणवायू कमी पडला की ही पेशी विळ्याच्या आकाराची होऊन ताठरते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि जिथे अडकते तिथे असह्य वेदना उठतात. गावात लोक 'एसएस पॅटर्न' आणि 'एएस पॅटर्न' असे म्हणतात. पहिला ग्रस्त, दुसरा वाहक. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी अपत्य ग्रस्त होण्याचा संभव शेकडा पंचवीस. वाहकाला हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते हे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासावरून सिद्ध केले, आणि हिवतापाच्या रानावनांत राहिलेल्या समाजांतच हा आजार का टिकून राहिला याचा उलगडा त्यावरून झाला. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत फिरून या आजारावर दीर्घकाळ काम केले, आणि २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

धंद्याचा विचार करणाऱ्याने या साऱ्यातून एकच गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी : हा आजार रोजचा नाही. अपंगत्वाविषयी आपली जी रूढ समजूत आहे ती स्थिर उणिवेची आहे, म्हणजे एक हात नाही तर तो आजही नाही आणि उद्याही नाही, आणि त्या उणिवेला जुळेल असे काम एकदा शोधले की प्रश्न बव्हंशी सुटतो. सिकलसेलचा रुग्ण महिनाभर चारचौघांसारखा हिंडतो-फिरतो, आणि एका रात्रीत त्याचे सांधे असे धरतात की सकाळी पाण्याचा तांब्या उचलवत नाही. आठवड्याने, कधी रक्त चढवून आल्यावर पंधरवड्याने, तो पुन्हा उभा असतो. त्याच्यापाशी कौशल्य आणि उमेद दोन्ही असतात. फक्त अमुक तारखेला मी कामावर असेन असे वचन त्याला देता येत नाही.

आणि मजुरीचे काम म्हणजे नेमके तारखेचे वचन. या आजाराचा झटका आणणारी कारणे वैद्यांनी निश्चित केलेली आहेत : थंडी, शरीरातील पाण्याची तूट, अतिश्रम, आणि ताप-संसर्ग. ही कारणे झरी जामणीच्या कृषिवर्षावर ठेवून पाहिली तर मन खिन्न होते. कापसाची वेचणी ऐन भरात येते ती मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत, जेव्हा पहाटेच्या दवाने पऱ्हाटी ओली असते आणि वेचणाऱ्याचे कपडे कमरेपर्यंत भिजतात. मोहफुले वेचावयाची ती पहाटे, वाकून; तेंदूपत्ता तोडावयाचा तो मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा घामावाटे अंगातले पाणी निघून जाते. निंदण आणि डवरणी पावसात, हिवतापाच्या दिवसांत. म्हणजे ज्या ज्या वेळी वावराला हात हवे असतात आणि मजुरीचा दर चढा असतो, त्या त्या वेळीच या माणसाचे शरीर त्याला सोडून जाते. शेजारच्या वणी भागातील कोळसा खाणी किंवा मुकुटबनचा सिमेंट कारखाना यांतील अंगमेहनतीचे, धुळीचे आणि पाळीचे काम तर त्याहून दुष्कर. तेव्हा स्वयंरोजगार हा येथे हौसेचा किंवा महत्त्वाकांक्षेचा विषय नव्हे. ज्याला इतर दारे बंद आहेत त्याच्यासाठी उरलेला तो मार्ग आहे, आणि म्हणूनच त्याची आखणी अधिक दक्षतेने व्हावयास हवी.

पाण्याचा विषय येथेच सांगून टाकावा. या रुग्णाचे मूत्रपिंड पाणी राखून ठेवण्यात दुबळे असते, म्हणून दिवसभर भरपूर पाणी पीत राहा असा सल्ला प्रत्येक डॉक्टर देतो. पण शेजारच्या पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अनेक ठिकाणी लिटरला दीड मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर असल्याचे भूजलतज्ज्ञांनी नोंदवून ठेवले आहे, आणि तसले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने दात व हाडे बिघडतात. ज्याची हाडे आधीच दुखतात त्याने अधिक पाणी प्यावे आणि ते असे असावे, ही अडचण कोणत्याही व्यवसाय मार्गदर्शन पुस्तिकेत आढळणार नाही. पण दुकानाची जागा निवडताना शुद्ध पाणी हाताशी आहे की नाही हे पाहणे येथे गिऱ्हाईक पाहण्याइतकेच अगत्याचे आहे.

वैद्यकाच्या इतिहासात या आजाराची जी पहिली नोंद आहे तिच्यातच स्वयंरोजगाराची एक हकिकत दडलेली आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी ज्या तरुणाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले, तो वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून १९०४ साली दंतवैद्यक शिकण्यासाठी तेथे गेलेला विद्यार्थी होता. वारंवार रुग्णालयात दाखल होत होत त्याने शिक्षण पुरे केले, मायदेशी परतला, आणि सेंट जॉर्जेस या गावी स्वतःचा दवाखाना काढून १९१६ साली फुप्फुसाच्या विकाराने मृत्यू येईपर्यंत तो चालविला. त्या काळी या आजारावर कोणतेही औषध नव्हते. नोएलजवळ जे होते ते असे : बसून करावयाचे काम, हातातली विद्या, आणि आजारी पडल्यास दार लावून घेण्याचा अधिकार. आयुष्य अल्प मिळाले, तरी त्यातील शेवटची वर्षे तो स्वतःच्या कमाईवर जगला.

आपल्याकडे व्याधिग्रस्तांच्या श्रमाचा विचार ज्यांनी प्रत्यक्ष कृतीत आणला ते कुष्ठसेवक होत. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली काम सुरू केले. पुढे बाबा आमटे यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापिली, आणि १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्‌घाटन झाले. ज्या हातांना समाज भीक घालीत होता त्या हातांनी विहिरी खणल्या, शेती केली, पुढे हातमाग आणि छापखाना चालविला. इंग्लंडात केंब्रिजजवळ पॅपवर्थ येथे व्हॅरियर-जोन्स या डॉक्टरने क्षयरोग्यांची जी वसाहत उभी केली तिचेही सूत्र असेच होते : रोग्याच्या ताकदीप्रमाणे कामाचे तास ठरवावेत, कामाच्या तासांप्रमाणे रोग्याला वाकवू नये. या वसाहतींचे खरे बळ सामुदायिकतेत होते हे विसरता कामा नये. एकाचा ज्वर चढला तरी माग थांबत नसे. दुसरा त्यावर बसे. झरी जामणीतला एकटा शिंपी किंवा किराणा दुकानदार आजारी पडला तर त्याचे दुकान त्याच्याबरोबरच आजारी पडते, आणि आजच्या साऱ्या योजना या एकट्या माणसालाच डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या आहेत.

आता कायद्याकडे वळू. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, आणि सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्तविकार प्रथमच त्यांत आले. ही मोठीच प्राप्ती होती. पण त्याच अधिनियमाच्या कलम ३४ अन्वये शासकीय नोकऱ्यांतील जे चार टक्के आरक्षण आहे, त्याच्या यादीत अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, कुष्ठमुक्त, मनोविकारग्रस्त आदी येतात. रक्तविकार येत नाहीत. प्रमाणपत्र हाती, पण नोकरीचे दार बंद, अशी ही स्थिती. कलम १९ मात्र व्यवसाय प्रशिक्षण आणि स्वयंरोजगार यांसाठी सवलतीच्या व्याजाने कर्ज देणाऱ्या योजना आखण्याचे कर्तव्य शासनावर टाकते, आणि कलम ३७ दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत तसेच व्यवसायासाठी सवलतीने द्यावयाच्या जमिनीत, चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी, पाच टक्के राखून ठेवते. या माणसाला कायद्याने नोकरीकडून वळवून धंद्याकडेच धाडले आहे असे म्हणणे भाग आहे; मग त्या वाटेवर त्याच्या सोबतीची जबाबदारीही कायद्याचीच नव्हे काय?

योजनांची वाण नाही. दिव्यांगांसाठी राज्याचे वित्त व विकास महामंडळ आहे, आदिवासींसाठी शबरी महामंडळ आहे, पांढरकवड्याला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. मुद्रा योजनेत शिशु गटाखाली पन्नास हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जमातीच्या किंवा दिव्यांग अर्जदाराला ग्रामीण भागात प्रकल्पखर्चाच्या पस्तीस टक्के अनुदान असून स्वतःची रक्कम पाचच टक्के घालावी लागते. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत असा शासनाचा दंडक आहे. बचतगटांचे जाळे आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यात असलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत निवासी प्रशिक्षण मोफत मिळते. या प्रत्येकीच्या दरखास्तीत जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, यंत्रांचे दरपत्रक आणि अपेक्षित उत्पन्नाचा तक्ता मागतात. वर्षातून किती दिवस आपण अंथरुणावर असता, आणि त्या दिवशी दुकान कोण उघडील, हा एक प्रश्न कुठेही विचारलेला नसतो. प्रकल्प अहवाल तयार करणारा मनुष्य सामान्यतः वर्षाचे तीनशे दिवस काम धरतो, सर्वांसाठी धरतो तसेच याच्यासाठीही. आणि ज्या दिवशी तो आकडा कागदावर चढतो त्याच दिवशी पुढच्या थकबाकीचा पाया घातला जातो.

दोन नियम शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने सुरू झालेल्या योजनेत विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. ही कल्पना जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कायद्यात आणली, आणि तिचे तत्त्व इतकेच की आजार हा कामगाराचा अपराध नव्हे. स्वयंरोजगारी माणसाला हे संरक्षण नाही. उलट त्याच्या कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की बँकेच्या नियमाप्रमाणे खाते अनुत्पादक ठरते, आणि पुढच्या कर्जाची वाट तिथेच बंद होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेने रुग्णालयाचा खर्च भागेल. त्या काळात बुडालेली कमाई आणि चुकलेला हप्ता तिच्यात येत नाही. एकच तीन महिन्यांचा आजार : कारखान्यातील माणसाला तो सोसता येतो, आणि ज्याला आपण उद्योजक म्हणून गौरवितो त्याला तोच थकबाकीदार करून सोडतो.

याला उपाय नाही असे नाही, आणि तो शोधण्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही. पीक बुडाले तर शेतकऱ्याकडून सारा वसूल करू नये, हे तत्त्व महसूल खात्याला फार जुने ठाऊक आहे. सोळा आण्यांचे पीक पूर्ण मानून आणेवारी लावीत, आणि ती खाली आली की सूट व तहकुबी देत. आज आण्यांच्या जागी पैसे आले. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी पैसेवारी विदर्भातल्या प्रत्येक गावाची निघते, आणि ती पन्नासच्या आत आली की पीककर्जाचे पुनर्गठन होते, साऱ्यात व वीजबिलात सवलत मिळते. कास्तकाराच्या वावराला जो न्याय आपण लावतो तो सिकलसेलग्रस्ताच्या शरीराला का लावू नये? त्याचेही शरीर कोरडवाहूच आहे. काही वर्षी ते साथ देते, काही वर्षी बुडविते. ग्रामीण रुग्णालयाने वर्षातले दाखल दिवस आणि रक्त चढविल्याच्या तारखा प्रमाणित कराव्यात, त्यावरून बँकेने त्या महिन्यांचे हप्ते दंडव्याजाशिवाय पुढे ढकलावेत, आणि तेवढ्या महिन्यांचे व्याज महामंडळाने किंवा आदिवासी प्रकल्पाने सोसावे. नवा विभाग नको, नवी इमारत नको. एक परिपत्रक आणि एक रकाना पुरे. या सबंध प्रश्नात मला सर्वांत निकडीची वाटणारी गोष्ट हीच आहे.

धंद्याच्या निवडीबद्दल थोडे तपशिलाने लिहिणे अवश्य आहे, कारण चूक येथेच होते. दिव्यांग स्त्रीला शिलाई यंत्र द्यावे हा शासनाचा व दानशूरांचा आवडता परिपाठ. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून खुब्याचा सांधा झिजणे हा वारंवार आढळणारा उपद्रव आहे. अशा स्त्रीला पायटा मारावयाचे यंत्र दिले की चार महिन्यांनी ते यंत्र भिंतीशी उभे राहते, आणि दिले तरी करीत नाही असा शेरा तिच्या नावावर बसतो. त्याच यंत्राला एक लहान विजेची मोटर बसविली, बैठकीची उंची साधली, आणि शिवणकाम शाळेच्या गणवेशासारखे उन्हाळ्यात घेऊन जूनपर्यंत सवडीने पुरे करावयाचे ठरविले, तर तीच स्त्री वर्षानुवर्षे कमावते. पिठाची गिरणी चांगली, पण पोती उचलणारा दुसरा माणूस घरात हवा. शेळ्या चांगल्या, पण त्या रानात चारावयास नेणारा हा रुग्ण नसावा. घरच्या गोठ्यात बांधून चारा देण्याजोग्या दोन-चार असाव्यात, म्हणजे तो पडून राहिला तरी शेजारीण पाला टाकील. कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, बांबूच्या टोपल्या आणि ताट्या विणण्याचे जे परंपरागत कसब आहे ते या आजाराला विलक्षण अनुकूल आहे : बसून करावयाचे, सावलीत करावयाचे, अर्धवट टाकून आठ दिवसांनी पुन्हा हातात घेता येणारे, आणि नासत नाही असे. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळल्यामुळे कायद्याची मोठी अडचणही दूर झाली आहे; उणीव आहे ती ठरलेल्या भावाने माल उचलणाऱ्या गिऱ्हाइकाची, आणि ते काम गटाने करावयाचे आहे. शिकलेल्या मुलांना दाखले काढून देण्याचे सेवाकेंद्र, मोबाइल दुरुस्ती, हिशेब लेखन ही कामे साजतील. नाशवंत मालाची कामे, म्हणजे भाजीपाला, दूध किंवा खानावळ, ही एकट्याने कधीही घेऊ नयेत.

औषध हे भांडवलाचा पहिला भाग मानले पाहिजे. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतल्याने वेदनेचे झटके आणि रक्त चढविण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतात. अमेरिकेत ते या आजारासाठी १९९८ साली मान्य झाले. त्यासाठी ठराविक काळाने रक्ततपासणी लागते, आणि यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय येथून शंभरेक किलोमीटर पडते. प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला एक दिवस. एस.टी.च्या प्रवासात सवलत आहे, पण बुडालेल्या दिवसाची भरपाई नाही. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणी बाजाराच्या आदल्या दिवशी ठेवली तरी अनेकांचे धंदे सावरतील. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे आरंभलेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून २०४७ पर्यंत या आजाराचे उच्चाटन करण्याचा संकल्प आहे. संकल्प स्तुत्य आहे. पण तपासणीचा आकडा हा आरंभ होय. ज्याला ग्रस्त असल्याचे कार्ड मिळाले तो उद्यापासून काय खाणार, हे विचारणारे अभियान अद्याप निघावयाचे आहे.

शेवटी घराने करावयाच्या हिशेबाविषयी. ज्या कुटुंबात असा धंदा निघावयाचा असेल त्याने मागच्या एका वर्षाची, आशा ताईकडून आणि रुग्णालयाच्या कागदांवरून, आजाराची तारीखवार यादी करावी, आणि कामाचे दिवस तीनशेऐवजी तेवढे वजा करून धरावेत. त्या आकड्यावर जो धंदा हप्ता फेडू शकत नाही तो, अनुदान कितीही मोठे असो, घेऊ नये. दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम गटाच्या खात्यात वेगळी पडल्याशिवाय कर्जावर सही करू नये. कुलपाची दुसरी किल्ली आणि उधारीची वही कोणाच्या हाती असेल ते आधी ठरवावे. आजार लपवू नये. लग्नाच्या बाजारात तो लपविण्याची सवय घरांना लागली आहे आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे, पण गिऱ्हाइकाला आणि गटातल्या बायांना तो ठाऊक असेल तरच बंद दुकानाचा अर्थ त्यांना उमगतो.

तेव्हा पांढरकवड्याचे प्रकल्प कार्यालय, झरी जामणीचा तालुका आरोग्य अधिकारी आणि तालुक्यातील बँकांचे शाखाधिकारी यांना जाहीर विनंती अशी की येत्या वर्षाची स्वयंरोजगाराची उद्दिष्टे ठरण्यापूर्वी तिघांनी एकदा एकत्र बसावे, सिकलसेलग्रस्त अर्जदाराच्या प्रकल्प अहवालाला आजारदिवसांचे एक पान जोडण्याची पद्धत सुरू करावी, आणि त्या पानावर बसवूनच हप्ते बांधून द्यावेत. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही; २०१६ च्या अधिनियमाचे कलम १९ त्याकरिता पुरेसे आहे.